पंखा बंद करा, सर

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली दुपार. अंगणातल्या सिमेंटवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. दामू पायरीच्या कडेला उकिडवा बसून रेलिंगचा जोड मारत होता. डोक्यावर वेल्डिंगचं काळं हेल्मेट, हातांत चामड्याचे मोजे, अंगात लांब बाह्यांचा जाड शर्ट. त्याच्या कोपरावरून घाम थेंबाथेंबाने खाली पडत होता. मी सोप्यावर बसून ते पाहत होतो आणि मला राहवलं नाही. आतून टेबलफॅन आणला, एक्स्टेन्शनची वायर ओढली आणि त्याच्या पाठीमागून पंखा तीनवर सोडला.

चार-पाच सेकंद गेले असतील. इतका वेळ मधमाशीसारखा गुणगुणणारा आवाज एकदम तडतडू लागला. दामूने टॉर्च झटक्यात उचलला, हेल्मेटची काच वर केली आणि ओरडला, "सर, पंखो बंद करात! वारें लागल्यार जोड पाड जाता!"

मी पंखा बंद केला आणि जवळ जाऊन पाहिलं. तोवर मारलेला जोड सुरेख होता. माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली वळ्यांची रांग, रंग रुपेरी, कडेला किंचित सोनेरी. आणि शेवटचा इंचभर भाग काळाठिक्कर, बारीक बारीक भोकं पडलेला, तव्यावर विसरलेल्या आंबोळीसारखा. तेवढा पंख्याचा. म्हणजे माझा.

दामूने ग्राइंडर घेऊन तो इंचभर भाग खरवडून काढला. रागावला नव्हता. सांगायचं म्हणून एवढंच सांगितलं की टॉर्चच्या तोंडातून आर्गन येतो, तो वितळलेल्या स्टीलवर पांघरुणासारखा बसतो आणि हवेला आत येऊ देत नाही. वारा लागला की पांघरूण उडतं. हे तो मला सांगत होता. एकतीस वर्षं बारावीला रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला.

आता या दामूविषयी. तो माझाच विद्यार्थी. शेवटच्या बाकावर, खिडकीशी. कधी हात वर केला नाही, कधी खोडी केली नाही, विचारलं तर उभा राहायचा आणि गप्प. अठराव्या गणाचा तास चालू असताना एकदा मी आर्गन या नावाचा अर्थ सांगितला: ग्रीक शब्द आर्गोस, म्हणजे काम न करणारा, आळशी. आणि हात शेवटच्या बाकाकडे करून म्हणालो, "आमचा आर्गन तिथे बसलाय." वर्ग हसला. मीही हसलो. शिक्षकाला वर्ग हसवण्याची चटक लागलेली असते. नाव वर्षभर टिकलं. कदाचित पुढेही टिकलं असेल, मला माहीत असायचं कारण नाही. पुढच्या वर्षी माझ्यासमोर नवा वर्ग होता.

तोच दामू आज फोंडा-मडकई रस्त्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो, आणि बाहेरच्या फळ्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे: आर्गन वेल्डिंग. टिग हे या वेल्डिंगचं पुस्तकी नाव, पण तसं कुणी म्हणत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "आर्गन मारून मिळेल?" त्याचा हेल्पर ओरडतो, "आर्गन सोंपला!" आणि आमच्याकडे काम चालू होतं तेवढ्या दिवसांत दर वेळी माझ्या पोटात काहीतरी हललं. दामूने मात्र एकदाही तो विषय काढला नाही. आठवत असेल की नाही, कळायला मार्ग नाही. तो तेव्हाही बोलत नव्हता, आताही बोलत नाही.

रेलिंग आईसाठी. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि सोप्याच्या पाच पायऱ्या कुणाचा हात न धरता उतरायचा तिचा हट्ट आहे. आधीचं रेलिंग लोखंडी पाइपचं होतं. आमचं घर खाजनाच्या, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीच्या, काठावर. भरतीचं खारं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत येतं, आणि हवेतला खारेपणा बारा महिने भिंतीला, कुलपाला, सायकलला चाटत असतो. सात पावसाळ्यांत त्या पाइपची चाळण झाली. म्हणून या खेपेला स्टेनलेस स्टील.

स्टेनलेस स्टीलला गंज चढत नाही तो त्यातल्या क्रोमियममुळे. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार करतो, आणि ओरखडा पडला तर तो थर आपला आपण भरून येतो. पण जोड मारताना धातू वितळून पाण्यासारखा पातळ झालेला असतो. तेव्हा ऑक्सिजन लागला तर थर नुसता चढत नाही, धातू जळतो. नायट्रोजन घुसला की भोकं पडतात. म्हणून त्या क्षणी तिथे असा कुणीतरी हवा जो कशातच पडणार नाही. शेजारी चौदाशे-पंधराशे अंशांना धातू वितळतोय, त्याहून कितीतरी तापलेली विजेची ठिणगी सतत पेटलेली आहे, आणि हा त्यात उभा राहून कुणाशीही एक शब्द बोलणार नाही.

दुपारी चहाला बसलो तेव्हा दामूने विचारलं, "सर, हो गॅस खंयच्यान येता?" कुठून येतो हा गॅस? पुरवठादार निळा सिलिंडर आणून टाकतो, सात घनमीटरचा. मिनिटाला दहा लिटर सोडला तर साडेअकरा-बारा तास पुरतो. पण मूळ कुठलं? खाणीतून काढतात काय?

मी म्हटलं, "हवेतून."

"म्हणजे हवेंतलोच?"

हवेतलाच. शंभर लिटर हवेत साधारण ९३० मिलिलिटर. कार्बन डायऑक्साइडविषयी जग रोज बोलतं, आर्गन त्याच्या वीसपटीहून अधिक आहे आणि त्याचं नाव कुणाच्या तोंडी नाही. नंतर मी सहज हिशेब केला. आमच्या दहा बाय दहाच्या आतल्या खोलीत चारशे ग्रॅमच्या वर आर्गन निघतो. म्हणजे अर्धा किलो पोह्यांच्या पिशवीहून थोडा कमी. ती खोली माझ्या वडिलांची. तेही आयुष्यभर तेवढ्या आर्गनमध्ये झोपले-उठले, आणि त्यांना कधी तो नडला नाही की लागला नाही.

हवेतून काढतात कसा, हे सांगायला गोव्यात उदाहरण शोधावं लागत नाही, एप्रिलमध्ये तर मुळीच नाही. काजूच्या बोंडांचा रस आंबवून भट्टीवर चढवला की आधी उर्राक येते, ती पुन्हा गाळली की फेणी. जे आधी उकळतं ते आधी निघून जातं, एवढंच त्यातलं शास्त्र. हवेचंही तेच, फक्त भट्टी उलट्या बाजूची. हवा इतकी थंड करायची की तिचं पाणी होतं, आणि मग तिला हळूहळू ऊब द्यायची. नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो, तो आधी जातो. ऑक्सिजन उणे १८३ ला. आर्गन या दोघांच्या मध्ये, उणे १८६ ला. ऑक्सिजनपासून अवघ्या तीन अंशांवर. त्यामुळे त्याला ऑक्सिजनपासून सोडवायला उंचच उंच स्तंभ लागतात, आत वाफ आणि द्रव शेकडो वेळा एकमेकांना भेटतात तेव्हा कुठे तो सुटा होतो. सगळ्यांच्या मधोमध बसायचं आणि कुणाच्या नजरेस यायचं नाही, हा त्याचा स्वभाव उकळबिंदूतसुद्धा आहे.

नजरेस यायचं नाही हे तर त्याने शंभर वर्षांहून अधिक काळ साधलं. माझ्या जीवाला लागलेली गोष्ट ही आहे. मी ती वर्गात कधी धड सांगितली नाही, कारण परीक्षेला नसायची.

१७८५ साली लंडनमध्ये हेन्री कॅव्हेंडिशने बंद नळीतल्या हवेत विजेच्या ठिणग्या पाडल्या. नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून बनलेले वायू अल्कलीत विरघळवले, ऑक्सिजन कमी पडला की अधिक घातला, पुन्हा ठिणग्या. शेवटी एक बुडबुडा उरला. कशातच विरघळेना. त्याने मोजून लिहून ठेवलं की हा मूळ नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागाहून अधिक नाही. आणि विषय तिथेच थांबला. कॅव्हेंडिश विलक्षण बुजरा माणूस, घरातल्या मोलकरणींशी बोलायला लागू नये म्हणून जेवणाची सूचना चिठ्ठीवर लिहून ठेवणारा. अशा माणसाच्या हाती जगातला सगळ्यात अबोल वायू लागला आणि दोघेही गप्प बसले, याची मला गंमत वाटते. बुडबुडा एकशेनऊ वर्षं कागदावर पडून राहिला.

मग आला लॉर्ड रॅली. आमच्या भाषेत सांगायचं तर भाटकार. एसेक्स परगण्यात टर्लिंग इथे वडिलोपार्जित वाडा, जमीनजुमला, दुभती गुरं, आणि वाड्यातच प्रयोगशाळा. या भाटकाराने वायू तोलायला घेतले. वर्षानुवर्षं. काचेचा गोळा तोच, तराजू तोच. गोळा दोन लिटरहून थोडा लहान. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून उरलेला नायट्रोजन भरला की एक वजन यायचं, आणि अमोनियाच्या मदतीने केलेला नायट्रोजन भरला की दुसरं. फरक हजारात एक.

हजारात एक. माझ्या प्रयोगशाळेत हा फरक कुणी दाखवला असता तर मी काय म्हणालो असतो हे मला नेमकं माहीत आहे. "हाताची चूक. पुढचं रीडिंग घे."

रॅलीने काय केलं? फरक मिटवायच्या ऐवजी त्याने तो वाढवायला घेतला. अमोनियाच्या पद्धतीतही बहुतेक नायट्रोजन हवेतलाच यायचा. त्याने हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरला, म्हणजे सगळा नायट्रोजन अमोनियाचाच. फरक एकदम पाचपट झाला, दोनशेत एक. हवेतल्याचं वजन २.३१० ग्रॅम, रासायनिकाचं २.२९९. अकरा मिलिग्रॅम. उकड्या तांदळाचा अर्धा दाणा. चूक खरी असेल तर ती दाबून पाहू नये, फुगवून पाहावी, मग ती आपलं पोट उघडते. १८९२ मध्ये त्याने 'नेचर'ला पत्र लिहून सरळ कबूल केलं की मी बुचकळ्यात पडलो आहे, कुणा रसायनज्ञाला काही सुचत असेल तर सांगा. एवढा मोठा माणूस, आणि छापून सांगतो की मला कळत नाही.

आमच्या प्रॅक्टिकलच्या परीक्षेत काय चालतं ते शिकवणाऱ्यांना आणि शिकलेल्यांना वेगळं सांगायला नको. टायट्रेशनची तीन रीडिंग्ज जुळली पाहिजेत. म्हणून ती जुळतात. ९.८, ९.८, ९.८. पहिलं खरं असतं, उरलेली दोन त्याची भावंडं. परीक्षक म्हणून बाहेरगावी गेलो तरी हेच पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मीही मुलांना जवळपास हेच शिकवलं. दामूच्या जर्नलात मात्र दर वेळी वेगळे आकडे असायचे. ९.४, ९.९, ९.६. मी लाल शाईने रेघ मारायचो, गुण कापायचो. त्याने एकदाही वाद घातला नाही आणि एकदाही आकडे जुळवले नाहीत. त्याच्या हाताला कंप होता, की लक्ष नव्हतं, की त्या टेबलावरच्या ब्युरेटची तोटी गळत होती, मला आजही सांगता येणार नाही. मी एकदाही त्याच्या शेजारी उभा राहून पाहिलं नाही.

असो.

रॅलीचं व्याख्यान १८९४ च्या एप्रिलमध्ये झालं आणि ते ऐकून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा विल्यम रॅम्झी कामाला लागला. त्याची वाट वेगळी. तापून लाल झालेलं मॅग्नेशियम नायट्रोजन गिळतं. हवेतला नायट्रोजन त्यावरून पुन्हा पुन्हा, दिवसचे दिवस फिरवत ठेवायचा. वायू आकसत जातो, उरलेला जड होत जातो, आणि एका टप्प्यानंतर आकसायचं थांबतं. त्या उरलेल्यातून वीज सोडून वर्णपट पाहिला तर तांबड्या आणि हिरव्या अशा रेषा दिसल्या की ज्या कुठल्याही माहीत मूलद्रव्याच्या नव्हत्या. ऑगस्ट १८९४ मध्ये ऑक्सफर्डच्या बैठकीत दोघांनी मिळून जाहीर केलं. अध्यक्षस्थानी असलेल्या मॅडन यांनी नाव सुचवलं, आर्गन.

मेंडेलीव्हला ते पटेना. त्याने मांडलेल्या मूलद्रव्यांच्या तक्त्यात याला जागाच नव्हती. अणुभार चाळीसच्या जवळ, म्हणजे पोटॅशियमपेक्षा जड, आणि बसवायचा मात्र पोटॅशियमच्या आधी. तीन अणूंचा नायट्रोजन असेल, असं त्याचं म्हणणं. पण रॅम्झी थांबला नाही. १८९५ मध्ये एका युरेनियमच्या खनिजातून हेलियम काढला, १८९८ मध्ये मॉरिस ट्रॅव्हर्सला बरोबर घेऊन निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन. तक्त्याला एक अख्खा नवा उभा रकाना जोडावा लागला. १९०४ साली रॅलीला भौतिकशास्त्राचं नोबेल आणि रॅम्झीला रसायनशास्त्राचं.

हेलियमचं नाव निघालं की आमच्याकडे कुणीतरी विजयदुर्ग काढतोच. किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे, १८६८ चं ग्रहण, तिथेच हेलियम सापडला. ऐकायला छान आहे. पण १८६८ च्या ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता आणि सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा पाहणारा इंग्रज लॉकियर तेव्हा इंग्लंडात. लॉकियर विजयदुर्गला आला तो १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणाला, म्हणजे हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षं झाल्यावर. मी हे एका लग्नात सांगितलं तर मालवणचे पाहुणे माझ्याशी बोलायचे बंद झाले. त्यापेक्षा खरं नातं कुणी सांगत नाही: टाटांच्या नियोजित विज्ञान संस्थेसाठी जागा सुचवायला १९०० साली रॅम्झी स्वतः हिंदुस्थानात आला होता, त्याने बंगळूरचं नाव दिलं, आणि त्या संस्थेचा पहिला संचालक ट्रॅव्हर्स. फोंड्यातली पोरं आज बंगळूरची बस धरतात तेव्हा आर्गनवाल्याने दाखवलेल्या गावालाच जातात.

चहाच्या वेळी हे सगळं मी सांगितलं नाही, अर्धंमुर्धं सांगितलं. दामू ऐकत होता. आई दारात येऊन बसली होती, तिने मध्येच विचारलं, "तो काहीच करत नाही म्हणतोस, मग त्याचे पैसे कशाला घेतात?"

दामू पहिल्यांदा मोठ्याने हसला.

आईच्या प्रश्नाचं उत्तर देणं वाटतं तितकं सोपं नाही. वर्गात मी म्हणायचो, अष्टक पूर्ण आहे, म्हणजे बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन, त्याला कुणाची गरज नाही. दोन, आठ, आठ. पाठ करा. फ्रान्समध्ये आंरी मोआसांने फ्लोरिन वेगळा केला होता, आणि फ्लोरिन म्हणजे कशालाही सोडत नाही. रॅम्झीने त्याला शंभर मिलिलिटर आर्गन पाठवून दिला, बघा काही जमतं का. काही जमलं नाही. आर्गनला संयुगात ओढायला २००० साल उजाडावं लागलं. हेलसिंकीत त्याच्याशी हायड्रोजन आणि फ्लोरिन यांची गाठ घालण्यात आली, तीही उणे २४६ अंशांच्या खाली टिकली, त्यावर सुटली. म्हणजे इतकं गारठवलं की त्याला नाही म्हणायचंही त्राण उरलं नाही, तेव्हा कुठे.

पण 'आळशी' कुणी म्हटलं? ज्यांनी त्याला दमदाटी केली आणि त्याने दाद दिली नाही, त्यांनी. आमच्या तापलेल्या मॅग्नेशियमला उत्तर देत नाही, ठिणगीला देत नाही, आम्लाला देत नाही, म्हणजे हा कामाचा नाही. नाव ठेवणारा नेहमी आपल्या बाकावर बसून नाव ठेवतो. मराठीच्या पाठ्यपुस्तकांत याच मंडळींना राजवायू म्हटलंय. राजा काय, आळशी काय, दोघांनाही काम नसतं असा हिशेब असावा.

हेच आम्हा गोंयकारांच्या वाट्याला आलंय. 'सुशेगाद'. पोर्तुगीज सोसेगादूवरून आलेला शब्द, अर्थ शांत, निवांत. आता तो टी-शर्टवर छापून कळंगुटच्या बाजारात विकतात, आणि अर्थ झालाय आळशी. ज्याने पाव भाजणारा पदेर पहाटे तीनला भट्टीपुढे पाहिला नाही, मे महिन्यात फुटलेला बांध चिखल थापून बांधणारे हात पाहिले नाहीत, तो दुपारी एकला बंद दुकानाच्या शटरवर थाप मारतो आणि म्हणतो, सुशेगाद. थाप मारली आणि उघडलं नाही की झालं.

अर्थात आर्गन अगदी निरुपद्रवी आहे असंही नाही. दामूने हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. स्वतःचं वर्कशॉप काढण्यापूर्वी तो एका गोदीत कामाला होता. टाकीच्या आत, पाइपच्या आत वेल्डिंग करताना आर्गन साठतो. हवेपेक्षा जवळजवळ दीडपट जड, त्यामुळे तळाशी बसतो. वास नाही, रंग नाही, ठसका नाही. विषारीही नाही. नुसती ऑक्सिजनची जागा घेतो. श्वास घेणाऱ्याला घुसमट जाणवतच नाही, कारण घुसमट जाणवते ती कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, आणि तो तर नीट बाहेर पडत असतो. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उडी मारतो, तोही कोसळतो. "आत गेल्यार पयलीं मीटर," दामू म्हणाला. आधी ऑक्सिजन मोजायचं यंत्र आत सोडायचं, मग माणूस. तो पुढे काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही.

रात्री झोप येईना तेव्हा एक विचार आला तो सांगतो. हवेतला हा सगळा आर्गन आला कुठून? ताऱ्यांत बनणारा आर्गन बहुतेक ३६ भाराचा. आपल्या हवेतला ९९.६ टक्के ४० भाराचा. तो पोटॅशियमचा. पोटॅशियमचा एक विरळ प्रकार आहे, पोटॅशियम-४०. त्याचं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. त्यातले शंभरातले अकराएक अणू मरताना आर्गन होतात, उरलेले कॅल्शियम. खडकाच्या पोटात तो अणू अणू जमतो, ज्वालामुखीतून, तडकणाऱ्या-झिजणाऱ्या दगडांतून बाहेर पडतो, आणि एकदा हवेत आला की बाहेरच राहतो, कारण कुणी त्याला परत बोलावत नाही. लाव्हा वितळलेला असतो तेव्हा जुना आर्गन उडून जातो, थिजला की घड्याळ शून्यापासून सुरू होतं. दगडात किती आर्गन जमला ते मोजून दगडाचं वय सांगता येतं. दख्खनच्या काळ्या पत्थराची सहा कोटी साठ लाखांच्या आसपासची वर्षं अशीच मोजली गेली आहेत, आणि त्या पत्थराची एक कड आमच्या सत्तरी तालुक्यात, घाटाकडे, उतरलेली आहे.

पोटॅशियम काय फक्त दगडात असतं? नारळाच्या पाण्यात असतं, केळ्यात असतं, माणसाच्या अंगात दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर असतं. हिशेब मांडला तर प्रत्येकाच्या शरीरात दर सेकंदाला चारशेच्या वर आर्गनचे अणू जन्माला येतात. आई पलीकडच्या खोलीत घोरत होती. चारशे, चारशे, चारशे. खिडकीच्या बाकावरचा तो मुलगा गप्प उभा राहायचा तेव्हाही.

दुसऱ्या दिवशी शेवटचा जोड राहिला होता, सगळ्यात वरच्या पायरीचा, जिथे आई पहिला हात टेकणार. खाजनावरून वारा सुटला होता. हेल्परने दोन्ही बाजूंनी जुने पत्रे उभे केले, मी तिसऱ्या बाजूला जुनी चटई धरली. पंखा मी आदल्या दिवशीच माळ्यावर टाकला होता. गुणगुण सुरू झाली, मी तोंड फिरवून घेतलं, आणि तीन-चार मिनिटांनी ती थांबली.

झालं असं समजून मी चटई खाली ठेवली आणि कोकम सरबताचा ग्लास त्याच्यापुढे केला. दामूने तो घेतला नाही. ठिणगी विझली होती, पण त्याने टॉर्च उचलला नव्हता. जिथे जोड संपला त्याच्यावर तसाच धरून बसला होता. नळीतून बारीक सूं असा आवाज येत होता. धातूचा तो शेवटचा थेंब तांबड्याचा काळपट होत निवत होता.

"रावात, सर," तो म्हणाला.

मी ग्लास धरून उभा राहिलो. सूं चालू होतं. त्याचा हात हलत नव्हता.